नवं मॉडेल विरुद्ध जुनं मॉडेल: नाव तेच, पण तुलना नेमकी कशाची करायची?

चौथा_गियर (धागाकर्ता)

एखाद्या गाडीची नवी पिढी आली की तुलनेचे तक्ते फिरायला लागतात. डावीकडे जुनी, उजवीकडे नवी, मध्ये पॉवर, डिकी, मायलेज, वजन, सुरक्षेचे तारे. अडचण अशी की दोन्ही रकान्यांतले आकडे पुष्कळदा एकाच मापाने मोजलेले नसतात. म्हणून आधी मापं काय होती ते पाहू.

मायलेज: युरोपात आधी एनईडीसी चाचणी होती. ११ किलोमीटर, २० मिनिटं, सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटर आणि कमाल १२०. सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि सप्टेंबर २०१८ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या गाड्यांना डब्ल्यूएलटीपी लागू झाली. ती सुमारे २३ किलोमीटर आणि ३० मिनिटांची, सरासरी ४६.५, कमाल १३१. शिवाय त्या गाडीत बसवलेल्या जादा सामानाचं वजनही धरलं जातं. त्यामुळे २०१६ च्या माहितीपत्रकातला आकडा २०१९ च्या शेजारी ठेवला तर जुनी गाडी कमी पिणारी वाटते, रस्त्यावर उलटं असलं तरी.

डिकी: जर्मन पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचे ठोकळे रचून मोजतात, एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. पण मोजणी मागच्या झाकणफळीपर्यंत की छतापर्यंत, आणि फरशीखालचा कप्पा धरला की नाही, हे बदलतं. नव्या मॉडेलमधून स्टेपनी काढून टाकली की तो खड्डा 'वाढलेल्या डिकी'त जमा होतो.

वजन: एका जर्मन मापात (डीआयएन) टाकी ९० टक्के भरलेली, चालक नाही. युरोपीय मापात चालकाचे ६८ आणि सामानाचे ७ मिळून ७५ किलो जास्त. एकाच गाडीची दोन वजनं दिसली आणि फरक ७५ चा निघाला तर कारण हेच.

तारे: फियाट पुंटोला युरो एनकॅपने (गाड्या धडकवून सुरक्षा तपासणारी युरोपीय संस्था) २००५ मध्ये पाच तारे दिले. तीच पिढी विक्रीत राहिली आणि २०१७ मध्ये पुन्हा तपासली तेव्हा शून्य. गाडी कमकुवत झाली नव्हती, परीक्षा अवघड झाली होती. चाचणीचं वर्ष लिहिलेलं नसेल तर ताऱ्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

आता आकड्यांपलीकडचं बोलू. ज्यांचा गाड्यांच्या पोटात हात जातो त्यांनी जरूर लिहावं.

---

पाना_१३

चांगला धागा. नावाबद्दल एक भर. कंपनी नाव तेच ठेवते, पण गाडी हळूहळू वरच्या वर्गात सरकते. २०१७ ची पोलो ४०५३ मिलिमीटर लांब आहे. १९९१ ची तिसऱ्या पिढीची गोल्फ ४०२० होती. म्हणजे तेव्हा गोल्फ घेणाऱ्याला आज तेवढ्याच जागेत मावणारी गाडी हवी असेल तर त्याने पोलो पाहावी, गोल्फ नाही. पहिली गोल्फ (१९७४) तर ३७०५ होती, आठवी ४२८४.

लांबीपेक्षा रुंदी आणि वळणाचा घेर आधी पाहा. पार्किंगच्या जागा गाड्यांबरोबर वाढलेल्या नाहीत. माहितीपत्रकातली रुंदी बहुधा आरसे सोडून असते, त्यामुळे फाटक अरुंद असेल तर आरशांसकट टेप लावून मोजणं हाच मार्ग.

गाडी वाढलीच पाहिजे असं मात्र नाही. २०१५ ची माझदा एमएक्स-५ आधीच्या पिढीपेक्षा सुमारे १०० किलोने हलकी झाली, आणि तिची ३९१५ मिलिमीटर लांबी १९८९ च्या पहिल्या गाडीपेक्षाही कमी आहे. २०२१ ची लँड क्रूझर ३०० पाहा: पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २८५० मिलिमीटर आधीइतकंच ठेवलं आणि कंपनीच्या सांगण्यानुसार वजन सुमारे २०० किलोने उतरवलं. खडकाळ चढावर मधलं पोट टेकू नये यासाठी ते अंतर महत्त्वाचं असतं, म्हणून ते न वाढवण्याचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

---

शॉकअप

नाव तेच आणि आतली गाडी पूर्ण निराळी, याचं ठळक उदाहरण बीएमडब्ल्यू १ सिरीज. २०१९ पर्यंत इंजिन उभं (गाडीच्या लांबीच्या दिशेने) आणि मागची चाकं ओढणारी. २०१९ पासून इंजिन आडवं आणि पुढची चाकं ओढणारी. चाकांमधलं अंतर २६९० वरून २६७० वर आलं, तरी मागे गुडघ्यांना जागा वाढली आणि डिकी ३६० वरून ३८० लिटर झाली. आडव्या इंजिनाला बॉनेटखाली लांबी कमी लागते, वाचलेली लांबी प्रवाशांना मिळते.

गमावलं काय? वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की जुनीची मागची चाकं ढकलतात आणि पुढची फक्त वळतात. नवीत दोन्ही कामं पुढच्या टायरांवर, त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर नाक बाहेर सरकतं. रोज चार माणसं नेणाऱ्याला नवी बरी. गाडी चालवण्यासाठी घेणाऱ्याला जुनी. दोन्ही मतं खरी, कारण प्रश्नच दोन आहेत.

टायरचंही लक्षात घ्या. १८५/६५ आर१५ आणि १९५/५५ आर१६ यांचा एकूण व्यास जवळपास सारखा, ६२१ मिलिमीटरच्या आसपास. पण टायरची भिंत १२० वरून १०७ मिलिमीटर होते. २०५/४५ आर१७ लावलं तर फक्त ९२. नवी गाडी खड्ड्यात कडक आपटते तेव्हा लोक सस्पेन्शनला दोष देतात. निम्मा दोष या कमी झालेल्या रबराचा असतो. एकाच मॉडेलच्या खालच्या प्रकारात लहान रिम असेल तर तोच प्रकार चालवून पाहा, मग मत बनवा.

---

सावकाश_चालक

एक प्रश्न. जुनी गाडी जाड पत्र्याची, ठोस, दार लावताना 'धप्प' आवाज येणारी. नवीचा पत्रा बोटाने दबतो. मग सुरक्षेत नवी पुढे कशी?

---

पाना_१३

सावकाश_चालक, बाहेरचा पत्रा धक्का झेलतच नाही. धक्का झेलतात पुढच्या दोन कांड्या, दारांच्या चौकटी आणि खांब. नव्या गाड्यांत तिथे तापवून दाबलेलं अतिकठीण पोलाद असतं. पुढचा भाग मुद्दाम चुरगळू देतात आणि बसायची कोठडी अभंग ठेवतात.

थेट पुरावा आहे. ऑस्ट्रेलेशियातल्या एनकॅपने २०१७ मध्ये १९९८ ची कोरोला आणि २०१५ ची कोरोला ताशी ६४ किलोमीटरच्या समोरासमोरच्या धडकेत तपासल्या. जुनीला १६ पैकी ०.४०, नवीला १६ पैकी १२.९३. नाव एक, कंपनी एक, परीक्षा एक. दोन पिढ्यांची तुलना करावी तर अशी.

याची किंमतही आहे. छताची ताकद वाढवायला पुढच्या काचेच्या बाजूचे खांब जाड झाले. अमेरिकेत २००९ च्या नियमाने हलक्या गाड्यांच्या छताने पेलायचा भार गाडीच्या वजनाच्या दीडपटीवरून तिप्पट केला. पादचाऱ्याचं डोकं इंजिनवर आपटू नये म्हणून बॉनेट उंच झालं. परिणामी चौकात वळताना खांबाआड अख्खा दुचाकीस्वार लपतो. गाडी बघायला जाल तेव्हा सीट स्वतःच्या उंचीला लावा आणि एका माणसाला डावीकडच्या पुढच्या कोपऱ्यापासून तिरकं मागे चालायला सांगा. तो किती पावलं दिसत नाही ते मोजा. हेच जुन्या गाडीत करा. कॅमेरे कितीही असले तरी चौकात नजर काचेतूनच जाते.

---

रेडिएटर

इंजिनावर येतो. २०२४ च्या स्विफ्टमध्ये के१२एन हे चार सिलिंडरचं इंजिन जाऊन झेड१२ई हे तीन सिलिंडरचं आलं. भारतातल्या आवृत्तीत पॉवर ९० वरून ८१.६ पीएस (हॉर्सपॉवरसारखं माप), टॉर्क ११३ वरून १११.७ न्यूटन-मीटर, मायलेज (मॅन्युअल गियर) २२.३८ वरून २४.८०. तक्ता वाचून 'पॉवर कमी झाली' हा आरडाओरडा झाला. पण ९० पीएस मिळत होते इंजिनाच्या मिनिटाला ६००० फेऱ्यांना. तिथे रोज कोण जातं? तुलना करायची ती १५०० ते २५०० फेऱ्यांमधल्या ओढीची.

चाचणी अशी: एसी चालू, चार माणसं, सपाट मोकळा रस्ता. चौथ्या गियरमध्ये ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते शेजारच्याने मोजायचं, गियर न बदलता. दोन्ही दिशांनी करून सरासरी घ्या, म्हणजे वारा आणि चढ कटतो.

दुसरं, वरच्या गियरमधल्या फेऱ्या. टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर (वरचाच १५ इंची टायर). वरच्या गियरचं प्रमाण आणि डिफरन्शियलचं प्रमाण यांचा गुणाकार ३.० असेल तर १००० फेऱ्यांना वेग ताशी ३९ किलोमीटर, म्हणजे १०० ला साधारण २५६० फेऱ्या. नव्या मॉडेलमध्ये तो गुणाकार २.६ केला तर १०० ला सुमारे २२२०. हायवेवर शांत आणि कमी पिणारी, पण छोट्या चढालाही खालचा गियर मागणारी. 'नवीला पिकअप नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा इंजिन नसतं, हे प्रमाण असतं.

---

शॉकअप

रेडिएटर, तीन सिलिंडरची थरथर मात्र तुम्ही सोडून दिलीत. चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांना एक स्फोट, तीनमध्ये दर २४० अंशांना. त्यातून तीनचं इंजिन लांबीच्या दिशेने सी-सॉसारखं डोलतं. ते डोलणं माउंटिंग (इंजिन बॉडीला धरून ठेवणारा रबरी आधार) गिळतं. नवी असताना कळत नाही, माउंटिंगचं रबर थकलं की सिग्नलवर स्टिअरिंग हातात गुणगुणायला लागतं. जुन्या चार सिलिंडरमध्ये थकलेलं माउंटिंग वर्षानुवर्षं खपून जायचं.

---

रेडिएटर

मान्य. म्हणूनच तपासायचं ते थंड इंजिनावर, ऑटोमॅटिक असेल तर डीमध्ये, मॅन्युअल असेल तर क्लच दाबून पहिल्या गियरमध्ये, ब्रेक दाबून, एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना. फिरवायला दिलेली गाडी आधीच गरम असते आणि गरम इंजिन सगळं झाकतं.

जिथे जुन्या साध्या इंजिनाच्या जागी थेट इंजेक्शनचा छोटा टर्बो आला आहे तिथे तीन गोष्टी बदलतात.

एक, काजळी. पूर्वी पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) मागे फवारलं जाई आणि व्हॉल्व्ह धुतले जात. थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सिलिंडरात जातं, व्हॉल्व्हवर फक्त क्रँककेसमधून आलेली तेलाची वाफ भाजत बसते. लक्षणं: सकाळी सुरू करताना अडखळणं, एखादा सिलिंडर चुकणं, वरच्या फेऱ्यांना दम कमी. टाकीत घालायचं औषध तिथे पोचतच नाही. मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा संच) काढून, त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद स्थितीत आणून, अक्रोडाच्या टरफलाच्या भुशाचा मारा करून साफ करावं लागतं. दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असलेली इंजिनं यातून बरीच सुटतात. विचारून घ्या.

दोन, तेल. कमी फेऱ्यांना पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की छोट्या टर्बोत मिश्रण ठिणगीआधीच पेटतं आणि पिस्टनवरचा दोन रिंगांमधला कठडा तुटतो. २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या तेलात याची चाचणी आहे. डब्यावर ५डब्ल्यू-३० दिसलं म्हणजे झालं असं नाही, हा दर्जाही पाहा. आणि १५०० फेऱ्यांखाली वरच्या गियरमध्ये गाडी रेटू नका.

तीन, काही इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलात बुडालेला असतो. चुकीच्या किंवा पेट्रोल मिसळलेल्या तेलाने तो फुगतो, त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि प्रेशर जातं. अशा इंजिनात तेल बदलायची मुदत लांबवणं म्हणजे बेल्टचं आयुष्य कापणं. जुन्या कोरड्या बेल्टला ही भानगड नव्हती.

---

चौथा_गियर

दुरुस्तीच्या कामात काय बदललं, यावर पाना_१३ यांनी लिहावं ही विनंती.

---

पाना_१३

मागचे ब्रेक पॅड. जुन्या गाडीत हँडब्रेकची केबल कॅलिपरला (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) असे, पिस्टन फिरवत आत न्यायचा. आता कॅलिपरवर मोटर आहे. आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड चालू करून मोटरला स्क्रू मागे घ्यायला लावायचा, मग पिस्टन सरळ दाबायचा, फिरवायचा नाही. हे न करता क्लॅम्प लावला की मोटरमागचे गियर तुटतात. टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी वर येते का ते पाहत दाबा. शेवटी मोड बंद करून दोन-तीनदा ब्रेक लावून-सोडून घ्या.

पुढची काच. पूर्वी काच म्हणजे काच. आता आरशामागे कॅमेरा असतो, काच बदलली की तो पुन्हा जुळवावा लागतो. सपाट जमीन, टायरची हवा बरोबर, गाडी रिकामी, मग ठरल्या अंतरावर लक्ष्यफलक. किंवा ठळक पट्टे असलेल्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवून. कॅमेरा एक अंश वाकडा राहिला तर ५० मीटरवर ८७ सेंटिमीटरची चूक होते. शेजारच्या लेनमधली गाडी तुमच्यासमोर आहे असं समजून ब्रेक लागण्याला एवढं पुरतं. बंपरमागे रडार असेल तर बंपरवर पुट्टीचा जाड थरही चालत नाही.

बॅटरी. इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत एजीएम (आम्ल काचतंतूंच्या गादीत धरून ठेवणारी बॅटरी) असेल तर एजीएमच लावा. निगेटिव्ह टोकावरच्या सेन्सरमुळे गाडीला बॅटरीची स्थिती कळत असते, काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद करावी लागते. दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना काळी केबल बॅटरीच्या टोकाला न लावता इंजिनाच्या किंवा बॉडीच्या अर्थला लावा, नाहीतर सेन्सरला हिशोब लागत नाही.

एसी. युरोपात २०१७ पासूनच्या सगळ्या नव्या गाड्यांत आर१३४ए हा थंडावा देणारा वायू चालत नाही, बहुतेकांत आर१२३४वायएफ आलं. नोझलच वेगळे असतात, जुनं मशीन लागत नाही, दोन वायू मिसळायचे नाहीत. हायब्रिडच्या विजेवरच्या कॉम्प्रेसरला साधं पीएजी तेल घातलं की इन्सुलेशन बिघडतं, त्याला पीओई लागतं. ही चूक फार महाग पडते.

दिवे. पूर्वी बल्ब जायचा. आता बऱ्याच गाड्यांत एलईडीचा पूर्ण संच बदलावा लागतो.

---

सावकाश_चालक

आणि बटणं? मला ती हवी आहेत.

---

चौथा_गियर

तुमच्या बाजूने मोजमाप आहे. स्वीडनमधल्या वी बिलेगारे मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने चार साधी कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. २००५ ची व्होल्वो व्ही७० दहा सेकंदांत मोकळी झाली. सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या गाडीला सुमारे ४५ सेकंद लागले, म्हणजे तेवढ्या वेळात १.३ किलोमीटरहून जास्त अंतर.

आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये स्क्रीनखालच्या आवाज-तापमानाच्या स्पर्शपट्ट्यांना रात्री उजेडच नव्हता. २०२४ च्या सुधारणेत त्या उजळल्या आणि स्टिअरिंगवर खरी बटणं परत आली. जिम्नीतही २०१८ ला फोर-व्हीलसाठी बटणांऐवजी पुन्हा दांडा आला. युरो एनकॅपही २०२६ पासून इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, वायपर अशा कामांना प्रत्यक्ष बटण किंवा दांडा नसेल तर गुण कापतं. एखाद्या पिढीत झालेली चूक पुढच्या सुधारणेत परत फिरते, म्हणून घाई नसेल तर मधल्या सुधारणेपर्यंत थांबावं असं माझं ठाम मत आहे.

---

शॉकअप

मग मोठा प्रश्न तोच: जुन्या पिढीचं शेवटचं वर्ष की नव्या पिढीचं पहिलं?

आधी 'नवी पिढी' खरंच नवी आहे का ते ओळखा. सहावी गोल्फ पाचवीच्याच पायावर (प्लॅटफॉर्मवर) होती, चाकांमधलं अंतर २५७८ मिलिमीटर दोन्हींत. सातवीत नवा पाया आला, अंतर २६३७ झालं आणि वजन कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १०० किलोपर्यंत उतरलं. पाया, इंजिनाचा कोड आणि गियरबॉक्स या तिन्हींपैकी दोन जुने असतील तर पहिल्या वर्षीही धोका कमी, कारण त्यातल्या खोडी आधीच निस्तरलेल्या असतात. तिन्ही नवे असतील तर पहिले बारा महिने इतरांना चालवू द्या.

कधी कधी जुनी बंद होण्यामागे गाडीत खोट नसतेच. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सायबर-सुरक्षेचा नियम सगळ्या नव्या गाड्यांना लागला. पेट्रोलवरची पोर्शे मकान तिथे त्याआधीच विक्रीतून गेली, कारण जुनी विद्युतरचना त्या नियमात बसवणं परवडणारं नव्हतं. इंजिन, चेसिस उत्तमच होते.

---

सावकाश_चालक

शेवटच्या वर्षाची, पण विक्रेत्याच्या आवारात उभी राहिलेली गाडी मिळत असेल तर?

---

पाना_१३

तारीख आधी काढा. टायरवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सीटबेल्टच्या पट्टीवर खाली शिवलेल्या लेबलवर बनवल्याची तारीख सापडते. दोन्ही जुळतात का पाहा.

बॅटरी रात्रभर न छेडता सकाळी मोजा. साध्या बॅटरीला १२.६ व्होल्ट हवेत, एजीएमला १२.८ च्या आसपास. १२.४ च्या खाली बराच काळ पडून असेल तर आत सल्फेट बसलेलं असतं, नुसती चार्ज करून दिली तर घेऊ नका, नवीच मागा.

पहिले २० किलोमीटर चालवा. ७० ते ८० च्या वेगाला एकसारखी 'धडधड' येत असेल तर टायर एका जागी चपटे झाले आहेत. गरम झाल्यावर गेली तर ठीक, नाहीतर टायर बदलून मागा. ब्रेक डिस्कवरचा वरवरचा गंज आठ-दहा ब्रेकमध्ये निघतो, पण पॅडच्या आकाराचा डाग राहिला आणि पेडल थरथरलं तर डिस्क तासून घ्यावी लागेल. पंक्चर बुजवायच्या द्रावाच्या डबीवरही संपण्याची तारीख असते, ती गाडीबरोबरच म्हातारी झालेली असते. तेल, तेल-फिल्टर आणि ब्रेक ऑइल ताबा घेण्याआधी बदलून द्यायला सांगा, किलोमीटर शून्याजवळ असले तरी, कारण ब्रेक ऑइल उभ्या गाडीतही हवेतली ओल शोषत राहतं.